क्रूगरमधली शेवटची सकाळ: स्वतः गाडी चालवत सफारी करणाऱ्यांसाठी

क्रूगर राष्ट्रीय उद्यानाची सहल आखताना आपण पहिल्या दिवसावर जीव ओततो. कुठल्या गेटनं शिरायचं, पहिला मुक्काम कुठे, वाटेत कोणते पाणवठे, सगळं कागदावर असतं. शेवटची सकाळ मात्र सामान गाडीत टाकून गेट गाठण्यापुरती उरते. मला हे फार चुकीचं वाटतं. काही दिवस स्वतः गाडी चालवत फिरल्यावर तुमची नजर तयार झालेली असते. आडव्या फांदीवरून लोंबणारी शेपटी, गवतात हललेला एक कान, एकाच दिशेला माना वळवून स्तब्ध उभी असलेली इम्पाला हरणं, यातलं काहीही पहिल्या दिवशी दिसत नाही. नजर सगळ्यात तीक्ष्ण असते ती शेवटच्या सकाळी, आणि नेमकी तीच सकाळ आपण बॅगांच्या चेनी ओढण्यात घालवतो.

ताडोबा-पेंचमध्ये जिप्सीचा चालक आणि गाइड आपलं घड्याळ सांभाळतात. आपण फक्त बघायचं. दक्षिण आफ्रिकेतल्या या उद्यानात वेळ, वाट आणि गेट या तिन्ही गोष्टी तुमच्या हातात असतात. क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर, दक्षिणोत्तर लांबी जवळजवळ ३६० किलोमीटर, त्यामुळे शेवटच्या दिवशी कुठून निघता यावर सगळं अवलंबून असतं. पुढची सगळी आखणी एका ठरावीक मार्गावर बेतलेली आहे: शेवटचा मुक्काम लोअर साबी कॅम्प, बाहेर पडायचं क्रोकोडाइल ब्रिज गेटमधून, आणि मग जोहान्सबर्गचं ओ. आर. टांबो विमानतळ. उद्यानाच्या दक्षिण भागात फिरणाऱ्यांना हा मार्ग सोयीचा पडतो. स्कुकुझा कॅम्पहून पॉल क्रूगर गेटनं निघणार असाल तरी पद्धत हीच, फक्त आकडे बदलतील.

विमानापासून उलटं मोजा

आकडेमोड विमानाच्या वेळेपासून मागे करत यायची. समजा विमान रात्री नऊचं आहे. काउंटरवर सहाला पोहोचायचं. त्याआधी गाडी परत देणं, सामान उतरवणं, खरेदीवरच्या कराच्या परताव्याची खिडकी, यांना एक तास. म्हणजे विमानतळावर पाचला. क्रोकोडाइल ब्रिजपासून विमानतळ सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. रस्ता चांगला असला तरी गाडी चालवण्याचे पाच तास धरा आणि जेवण, टोलनाके, रस्त्याची कामं यांच्यासाठी वर एक तास. सकाळी अकराला गेटबाहेर पडलं तर जेमतेम जमतं, म्हणून साडेदहा ही तुमची रेषा.

आता दुसरी बाजू बघा. लोअर साबी ते क्रोकोडाइल ब्रिज हे अंतर डांबरी रस्त्यानं फक्त ३४ किलोमीटर आहे. सकाळी सहाला कॅम्पचं गेट उघडलं तर ३४ किलोमीटरसाठी तुमच्याकडे साडेचार तास आहेत. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५०, कच्च्या रस्त्यावर ४०, पण थांबत-बघत जाताना प्रत्यक्षात ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच होतात. म्हणजे दीड-दोन तास जाण्यात आणि उरलेले अडीच-तीन तास निव्वळ थांबण्यासाठी. शेवटचा मुक्काम बाहेर पडायच्या गेटाजवळ ठेवण्याचं कारण हेच. शेवटची रात्र उद्यानाच्या मध्य भागातल्या सतारा कॅम्पमध्ये किंवा त्याच्याही उत्तरेला काढली, तर सकाळभर तुम्ही प्राणी न बघता फक्त अंतर तोडत राहाल.

विमान दुपारचं किंवा संध्याकाळी सहाच्या आधीचं असेल, तर ही सकाळ विसरा. आदल्या दिवशी दुपारी निघून विमानतळाजवळ मुक्काम करा. दुसरा उपाय म्हणजे म्बोम्बेला शहराजवळच्या क्रूगर म्पुमलांगा विमानतळावरून जोहान्सबर्गचं विमान पकडणं. तो विमानतळ या गेटपासून दीड-पावणेदोन तासांवर आहे.

कॅम्पची गेटं ऋतूप्रमाणे उघडतात. एप्रिल ते सप्टेंबर सकाळी सहा, ऑक्टोबरमध्ये आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये साडेपाच, नोव्हेंबर ते जानेवारी साडेचार. आपल्याकडची मंडळी बहुधा मुलांच्या सुट्टीत जातात. मे महिन्यात तिथे हिवाळ्याची सुरुवात असते. गवत विरळ होऊ लागतं, पाणी ठरावीक जागी उरतं, पहाटे कानटोपी लागते, आणि सहाला गेट उघडतं तेव्हा जेमतेम उजाडत असतं. दिवाळीत उकाडा आणि पहिल्या पावसाच्या सरी असतात. सहल नोव्हेंबरात गेली तर साडेचारच्या गेटमुळे दीड तास जास्त मिळतो, आणि महिन्याच्या उत्तरार्धात लटपटत्या पायांची इम्पालाची पिल्लं दिसू लागतात.

आदली संध्याकाळ

सकाळ वाचवायची तर सगळी कामं आदल्या संध्याकाळी उरकायला हवीत. खोली सोडायची अधिकृत वेळ सकाळी दहाची आहे, त्यामुळे पुष्कळ लोक पहाटे फेरी मारून परत येतात, अंघोळ करून सामान भरतात आणि दहाला निघतात. मला ते पटत नाही. परत येण्याच्या घाईत फेरी तुटते आणि निघताना ऊन चढलेलं असतं. गेट उघडताच सामानासकट निघा आणि मागे वळू नका.

त्यासाठी पहिलं काम रिसेप्शनवर. गेट उघडतं त्या वेळी रिसेप्शन उघडं नसतं, म्हणून किल्ली कुठे टाकायची ते संध्याकाळीच विचारून घ्या आणि काही हिशेब बाकी असेल तर मिटवा. तिथेच एक नकाशा लावलेला असतो. त्यावर रंगीत चुंबकांनी आज-काल कुठला प्राणी कुठे दिसला ते दाखवलेलं असतं. सिंह कुठे होते यापेक्षा ते काय करत होते ते कोणाला तरी विचारा. शिकार करून खात बसलेला कळप दुसऱ्या दिवशीही तिथेच सापडण्याची बरीच शक्यता असते. चालत निघालेला कळप रात्रीत कितीही लांब जाऊ शकतो.

पावसाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते मार्च, आणखी एक प्रश्न विचाराच: क्रोकोडाइल नदीवरचा पूल चालू आहे का? गेटाजवळचा हा पूल ठेंगणा आहे. नदीला पाणी आलं की तो बुडतो आणि गेट बंद होतं. मग मलेलाने गेटकडे वळावं लागतं आणि वाट बरीच लांबते. हे सकाळी दहाला कळलं तर विमान हातचं जाऊ शकतं.

पेट्रोल कॅम्पमध्येच भरा. दक्षिण आफ्रिकेत पेट्रोलचा दर सरकार ठरवतं, त्यामुळे जंगलातल्या पंपावर लुबाडतील ही भीती नको. पंपावरचा माणूसच पेट्रोल भरतो, काच पुसतो, चाकातली हवा बघतो. त्याला थोडे रँड द्यायची पद्धत आहे. चारही चाकांच्या बाजूच्या भिंती नीट बघा, कारण बाभळीचा काटा रुतून बसलेला असतो आणि हवा हळूहळू जाते. स्टेपनी आणि जॅक आहेत ना, तेही आत्ताच पाहा. उद्यानाचा आपत्कालीन क्रमांक फोनमध्ये साठवा. कॅम्पपासून लांब गेल्यावर नेटवर्क सगळीकडे मिळेलच असं नाही.

सामानात मोठ्या बॅगा रात्रीच डिकीत जाव्यात. हाताशी राहायच्या वस्तू थोड्याच: दुर्बिणी, कॅमेरे, जाकिटं, पाणी, नाश्ता, औषधं, पासपोर्ट आणि उद्यानात शिरताना मिळालेला परवाना. हा परवाना बाहेर पडताना दाखवावा लागतो आणि नेमका तोच कुठल्यातरी बॅगेच्या तळाशी जातो. तो गाडीच्या समोरच्या कप्प्यात ठेवा. फोटोंची दुसरी प्रत रात्रीच काढून वेगळ्या बॅगेत टाका.

भांडी घासून ठेवा आणि खरकटं झाकणाच्या कचरापेटीतच टाका. कॅम्पमध्ये माकडं आणि बबून टपलेली असतात, रात्री मधबिज्जूसुद्धा (हनी बॅजर) येतो. व्हरांड्यातल्या फ्रिजचं दार कसं उघडायचं हे त्यांना ठाऊक असतं. एखाद्या प्राण्याला अशी चटक लागली की तो माणसांवर धावून जाऊ लागतो, आणि शेवटी त्याला मारावं लागतं. एक उघडी पिशवी एवढं करू शकते. खोली साफ करणाऱ्या ताईंसाठी थोडे पैसे टेबलावर ठेवा. इतके दिवस त्यांनी तुमच्यामागचं सगळं आवरलेलं असतं.

नाश्त्याचा डबाही रात्रीच. उकडलेली अंडी, पाव-चीज, केळी, घरून आणलेला चिवडा, थर्मासमध्ये चहा. लोअर साबी सोडल्यावर क्रोकोडाइल ब्रिज कॅम्पपर्यंत स्वच्छतागृह धरून चालू नका. मुलांना निघतानाच जाऊन यायला सांगा, कारण ठरवून दिलेल्या जागा सोडल्या तर वाटेत गाडीतून उतरायला बंदी आहे.

गेट उघडताना

गेटासमोर दहा-पंधरा मिनिटं आधी पोहोचा. पहिल्या काही गाड्यांत असणं उपयोगाचं असतं. रात्रभर जनावरं रस्त्याचा वापर करतात. डांबर उशिरापर्यंत उबदार राहतं म्हणून सिंह आणि रानकुत्रे त्यावर पसरलेले असतात, आणि गाड्या सुरू झाल्या की उठून जातात. गेट उघडल्यावर मात्र इतरांशी शर्यत लावू नका. पुढच्यांना जाऊ द्या आणि तुम्ही ताशी तीसवर राहा. ताशी पन्नासनं जाणाऱ्याला फक्त रस्त्यावरचं दिसतं, झाडीतलं सगळं सुटून जातं.

पहिली पंधरा मिनिटं सनसेट डॅमला द्या. हे तळं कॅम्पच्या अगदी जवळ, स्कुकुझाच्या रस्त्यावर आहे. पाणघोडे रात्रभर चरून पहाटे पाण्यात परततात, मगरी काठावर येऊन पडतात आणि करकोचे त्यांच्यामधून बिनधास्त फिरतात. नाव संध्याकाळचं असलं तरी मला हे तळं पहाटेच जास्त आवडतं, गर्दी नसते म्हणून.

तिथून मागे फिरून दक्षिणेचा एच४-२ हा डांबरी रस्ता धरा. तुमचं तोंड दक्षिणेला, म्हणजे सूर्य डावीकडे. उजवीकडच्या जनावरांवर समोरून ऊन पडतं, डावीकडची काळ्या आकृत्यांसारखी दिसतात. आपल्यासारखंच तिथेही रस्त्याच्या डाव्या बाजूनं गाडी चालवतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. म्हणून फोटो काढणाऱ्यानं चालकाच्या मागच्या सीटवर बसावं. डावीकडे बसलेल्यांनी दुर्बीण घेऊन फक्त शोधायचं काम करावं.

थोडं पुढे गेल्यावर एस२८ हा कच्चा रस्ता फुटतो आणि क्रोकोडाइल ब्रिजच्या अलीकडे पुन्हा डांबरीला येऊन मिळतो. मी कोरड्या दिवसांत डोळे झाकून हाच घेण्याचा सल्ला देईन. दोन्ही बाजूंना मोकळं गवताळ माळरान आहे, नजर लांबवर जाते, आणि या उद्यानात चित्ता दिसण्याच्या ज्या थोड्या चांगल्या जागा आहेत त्यांतली ही एक. चित्ता वारुळावर किंवा पडलेल्या ओंडक्यावर चढून टेहळणी करतो, म्हणून प्रत्येक उंचवटा तपासत जा. याच बाजूला न्टांडान्याथी हे लपण आहे. तिथे गाडीतून उतरून आडोशामागे बसता येतं. ज्यांचे पाय आखडलेत त्यांच्यासाठी सोयीचं. रात्री मोठा पाऊस झाला असेल तर लहान गाडी घेऊन कच्च्यावर शिरू नका, डांबरीवरही तितकीच जनावरं असतात.

रस्त्याखालच्या मोऱ्यांकडे लक्ष ठेवा. ठिपकेवाल्या तरसाच्या माद्या अनेकदा या मोऱ्यांमध्येच पिल्लं वाढवतात. पहाटे आई शिकारीहून परतलेली असते आणि पिल्लं बाहेर येऊन उन्हात लोळतात. लहान पिल्लं जवळजवळ काळी असतात, त्यामुळे सावलीत पटकन उमगत नाहीत. मोरी दिसली की गाडी हळू करा, इंजिन बंद करा आणि दोन मिनिटं गप्प बसा.

चितळाची किंवा वानराची धोक्याची हाळी ओळखणाऱ्यांना इथे नवा कान लावावा लागतो. इम्पाला नाकातून फुरकारल्यासारखा जोरदार आवाज काढतो. झाडावरची व्हर्व्हेट माकडं सतत कचकच करत खाली बघत असतील, तर बिबट्या जवळ असू शकतो. सगळे इम्पाला एकाच ठिकाणी बघत उभे असतील, तर तुम्हीही तिकडेच बघा. गिधाडं उंच घिरट्या घालत असतील तर त्याला फारसा अर्थ नाही. पण ती एकामागून एक खाली उतरत असतील किंवा एकाच झाडावर वाट बघत बसली असतील, तर तिथे काहीतरी मेलेलं आहे.

सिंहाभोवती गाड्यांची गर्दी झाली तर मधे घुसू नका, दुसऱ्याची नजर अडवू नका, खिडकीतून अंग बाहेर काढू नका. आणि एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा: फोनवर साडेनऊचा गजर लावा. तो वाजला की समोर काहीही असो, दहा मिनिटांत निघायचं. ही दहा मिनिटं पाळली नाहीत तर पुढे वेगमर्यादा मोडली जाते. क्रूगरमध्ये वेग तपासतात आणि दंडही होतो, पण खरी चिंता तिथल्या जिवांची आहे. वळणापलीकडे रानकुत्र्यांची पिल्लं झोपलेली असू शकतात.

हत्ती वाटेत उभा राहिला तर

वेळेचं सगळं गणित एकटा हत्ती बिघडवू शकतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर. कळप रस्ता ओलांडत असेल तर लांब थांबा, दोन-तीन गाड्यांइतकी नव्हे, चांगली पन्नास-साठ मीटर जागा सोडा. आई आणि पिल्लू यांच्या मधे कधीही येऊ नका. पहिले हत्ती गेले म्हणून लगेच निघू नका, मागून पिल्लं येतात.

एकटा नर रस्त्यानं तुमच्याच दिशेनं चालत येत असेल तर आधी त्याची कानशिलं बघा. कानशिलातून मद ओघळून गालावर ओला पट्टा दिसत असेल आणि मागच्या पायांवर मूत्र ठिबकत असेल, तर तो माजावर आहे. त्याच्याशी वाद घालायचा नाही. गाडी हळू मागे घ्या, आणि मागच्या गाडीलाही मागे जायला खूण करा. हॉर्न वाजवू नका, इंजिन रेटू नका, बाजूनं काढून नेण्याचा विचारही नको. कान पसरून डोकं हलवणं हा बहुतेकदा इशारा असतो. तो इशारा मानला की प्रकरण तिथेच संपतं. यात अर्धा तास गेला तरी जाऊ द्या. साडेदहा आणि अकरा यांच्यातला अर्धा तास आपण यासाठीच राखला होता.

गेटबाहेर पडताना

गेटवर परवाना तपासतात आणि डिकीही उघडायला सांगू शकतात. कच्चं मांस सोबत नेऊ नका. क्रूगरच्या रानरेड्यांमध्ये लाळ-खुरकूत रोगाचा विषाणू असतो. तो बाहेरच्या गुराढोरांत पसरू नये म्हणून उद्यानाच्या सीमेवर मांसाच्या वाहतुकीवर निर्बंध आहेत. शेगडीवर भाजायला आणलेलं उरलं असेल तर आदल्या रात्री शिजवून संपवा.

साळिंदराचा काटा, पीस, शिंगाचा तुकडा, कवटी, कासवाची पाठ, बिया, यातलं काहीही उचलून आणू नका. उद्यानातून काहीही नेणं गुन्हा आहे. दुकानातून घेतलेल्या लाकडी वस्तू, मणी, कापड चालतं. त्यांची बिलं मात्र जपून ठेवा.

गेंडे दिसले असतील तर आणखी एक कळकळीची विनंती. फोटो कुठेही टाकण्याआधी त्यातली स्थानाची नोंद काढून टाका आणि मजकुरात रस्त्याचा क्रमांक लिहू नका. शिकारी टोळ्या अशी माहिती वापरतात. कॅम्पमधल्या चुंबकांच्या नकाशावर गेंड्यांच्या जागा दाखवत नाहीत, त्याचं कारणही हेच आहे.

जोहान्सबर्गचा रस्ता

गेटपासून कोमातीपूर्ट गाव आणि तिथे एन४ महामार्ग. मोझांबिकच्या सीमेकडे जाणाऱ्या ट्रकच्या रांगा इथे लागतात, पण तुम्ही उलट दिशेला, पश्चिमेला वळणार. इतके दिवस ताशी चाळीसनं गाडी चालवल्यावर १२० ची मर्यादा अंगावर येते. पहिले काही किलोमीटर शंभरच्या आत राहा. मलेलानेपर्यंत रस्त्याच्या कडेनं माणसं आणि गुरं चालत असतात.

पहाटे लवकर उठलेला चालक दुपारी बाराच्या सुमाराला पेंगतो, म्हणून म्बोम्बेलाला चालक बदला किंवा जेवून घ्या. दुसरा माणूस गाडी चालवणार असेल तर त्याचं नाव भाड्याच्या करारात असायला हवं. वाटेत टोलनाके आहेत, कार्ड चालतं तरी थोडी रोकड ठेवा. कुठेही जेवायला थांबलात तर बॅगा काचेतून दिसतील अशा ठेवू नका आणि एकानं गाडीजवळ राहावं. एमालाह्लेनी शहराच्या आसपास कोळशाच्या ट्रकमुळे वेग मंदावतो. तिथून पुढे शहराची रहदारी सुरू होते.

विमानतळाच्या थोडं आधी टाकी भरून पावती ठेवा. गाडीवरचा लाल धुरळा धुऊन घेतलेला बरा. परत देताना चारही बाजू, चाकं, समोरची काच आणि किलोमीटरचा आकडा यांचे फोटो काढा, कारण कच्च्या रस्त्यावरच्या खड्यांचे ओरखडे नंतर वादाचा विषय होतात.

दक्षिण आफ्रिकेत १५ टक्के मूल्यवर्धित कर आहे. देशाबाहेर नेत असलेल्या वस्तूंची एकूण किंमत २५० रँडपेक्षा जास्त असेल तर परदेशी पर्यटकाला तो परत मागता येतो. खाण्यापिण्याचा किंवा मुक्कामाचा खर्च त्यात धरत नाहीत. वस्तू प्रत्यक्ष दाखवाव्या लागतात, म्हणून बॅगा विमान कंपनीकडे देण्याआधी त्या खिडकीवर जा. आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे येणार असाल आणि पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड असेल, तर तेही पासपोर्टसोबत ठेवा.

आणि गोळ्या. क्रूगर हा हिवतापाचा प्रदेश आहे. डॉक्टरांनी अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल दिलं असेल तर उद्यान सोडल्यावरही सात दिवस घ्यायचं असतं, डॉक्सिसायक्लिन असेल तर चार आठवडे. लोक घरी पोहोचले की गोळ्या बंद करतात आणि पाकीट चेक-इनच्या बॅगेत तसंच राहतं. ते हातातल्या बॅगेत ठेवा आणि रोजचा गजर बंद करू नका. परतल्यानंतर पुढच्या दोन-तीन महिन्यांत कधीही ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि आफ्रिकेत जाऊन आल्याचं स्वतःहून सांगा. मे महिन्यात गेलेल्यांचा हा काळ थेट आपल्या पावसाळ्यात येतो. अशा वेळी आधी डेंग्यूची शंका घेतली जाते, तेव्हा हिवतापाची रक्ततपासणी आवर्जून मागून घ्या.